डॉक्टरांच्या लांडग्यांचा निरोप

१२ ऑक्टोबर २०१४, रविवार

‘गुडघा कसा आहे? पत्नीचं बीपी? सुनेची पाठ?’ इथल्या जर्मन गावच्या डॉक्टरांचं पत्र आज मुलाने मराठीत वाचून दाखवलं. दवाखान्यामागच्या टेकडीला कुंपण घालून त्यांनी वीस वर्षं लांडगे पाळले. मी फिरायला गेलो की म्हातारी लांडगी कान मागे करून कुंपणाशी यायची. ‘आता झेपत नाही, पार्क बंद करतोय. शनिवारी लांडग्यांना दुसरीकडे नेतील, निरोपाला या.’

अन् मी? जर्मन पाकीट म्हणजे सरकारी कागद, असं धरून न फोडताच मुलाच्या फाइलीत लावलं. अक्कल शेण खायला गेली!

“बाबा, त्या शनिवाराला महिना झाला.”

तिने कान मागे करून वाट पाहिली असेल का? आणि डॉक्टरांनी?

पत्राची शेवटची ओळ मुलाकडून दोनदा वाचून घेतली: ‘येताय ना? लवकर उत्तर लिहा.’