कायमची खुर्ची

तोझर,
मंगळवार, ११ नोव्हेंबर

उख्ती मबरूका,

माझ्या एकुलत्या एका बहिणीला सलाम. तू बरी असशील, तुझा नवरा फेतही बरा असेल, दोन्ही पोरी बऱ्या असतील आणि आपल्या झर्झीसला यंदा ऑलिव्ह चांगले धरले असतील. मी ठीक आहे. ठीक म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी मशीनवर आणि उरलेले दिवस मशीनवरून उतरल्याचा थकवा. इथे खजूर उतरवायचं काम जोरात चाललंय. गावभर गोड वास आहे आणि मला एक खजूर खायची परवानगी नाही.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू मधेच बोलतेस. तू बोललीस की मी "हो" म्हणून ठेवून देतो. रेकॉर्ड करून पाठवलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या आत्या-मावश्यांनी ऐकलं असतं. म्हणून कागद. लुआज गाड्यांच्या तळावर बाकावर बसून लिहितोय. ड्रायव्हर म्हणाला, "बहिणीच्या हातात पडेल अशी व्यवस्था करतो, पण आठवा प्रवासी मिळाल्याशिवाय गाडी हलणार नाही." आत्ता पाच झालेत, त्यातली एक बाई पाय मोकळे करायला उतरली ती अजून आलेली नाही.

मी जूनमध्ये न सांगता गेलो. रिपोर्ट आला, तुझी किडनी मला जुळते असं डॉक्टर म्हणाले, तू अंगणातून शेजारणींना ओरडून सांगितलंस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरात नव्हतो. त्याबद्दलच लिहायचंय. पण एकदम तिथे जाता येत नाही, तेव्हा आधी बाकीचं सांगतो.

मशीनला बांधलेला माणूस पाच महिने गावोगाव कसा फिरला, हे कोडं तुला पडलं असेल. फोनवर एक ग्रुप आहे, 'रिकामी खुर्ची'. अकराशे माणसं, सगळी डायलिसिसवरची. चालवतो तो बशीर, आदराने सगळे सी बशीर म्हणतात, गाबेसच्या स्टेशनात तीस वर्षं मास्तर होता. ग्रुपमध्ये कोणी रडलं की तो म्हणतो, "रडा, पण थोडक्यात, मागे गाड्या थांबल्यात." पद्धत अशी की कोणी लग्नाला, हजला, लेकीकडे चाललं की आपली खुर्ची लिहायची. ताबर्का, मंगळ-गुरू-शनी, दुपारची शिफ्ट, दोन आठवडे. ज्याला जायचंय त्याने हात वर करायचा, रक्ताचे रिपोर्ट आणि डॉक्टरची चिठ्ठी पाठवायची, सेंटर हो म्हणालं की निघायचं. राहायची सोयही बहुतेक कोणीतरी करतं. ताबर्काला मी एका न्हाव्याकडे राहिलो. तो म्हणायचा की पोवळी काढायला लोक पूर्वी खाली जायचे आणि वर येताना घाई केली की लुळे व्हायचे. त्याच्या दुकानाच्या भिंतीवर एका पाणबुड्याचा फोटो होता, त्याला मिशा अशा की, पण ते राहू दे.

ताबर्का, मग केफ, मग माहदिया, आणि सप्टेंबरपासून इथे. इथली खुर्ची मक्केला उमऱ्यासाठी गेलेल्या एका म्हाताऱ्याची. उमऱ्याहून तो मुलाकडे गेला आणि तिकडेच रमला. या रविवारी परत येतोय.

केफला मी खाला दूजाकडे होतो. एकोणीस वर्षं झाली तिला मशीनवर. दारात पाय ठेवला तर सलामच्या आधी म्हणाली, "पाणी किती प्यालास?"

"थोडंच, खाला."

"थोडं म्हणजे ग्लास की विहीर?"

मी विचारलं, एकोणीस वर्षं कशी काढलीस. म्हणाली, "मी नाही काढली. दुसरं कोणी येऊन काढत नव्हतं, म्हणून माझ्याकडेच राहिली." त्या ग्रुपमध्ये कोणी कोणाला धीर धर म्हणत नाही, मबरूका. घरी सगळे म्हणायचे. इथे विचारतात, सुई कुठे टोचली, पाय सुजलेत का, झोप लागली का. मी पहिल्यांदा लिहिलं की मला मशीनवर भीती वाटते, तर चाळीस जणांनी नुसतं "मलाही" लिहून पाठवलं. मी ते वाचत राहिलो, जेवायचं राहून गेलं. त्याआधी वर्षभर मी तुझ्यासमोर हसत होतो.

एक गोष्ट मात्र त्या ग्रुपमध्ये कोणी समजावून सांगत नाही, आपोआप कळते. कधी कधी सी बशीर खुर्ची लिहितो आणि पुढे लिहितो, 'कायमची'. त्याच्याखाली तीन दिवस कोणी अक्षर लिहीत नाही. चौथ्या दिवशी कोणीतरी विचारतं, सकाळची की दुपारची.

इथे तोझरमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर लझहर होता. मी राहतोही त्याच्याच घरी. खजुराच्या झाडांवर चढणारा माणूस, एकतीस वर्षं चढला. आजारी पडल्यावर सहा वर्षं खाली उभा राहून भावांना शिव्या द्यायचा, की घड असा नाही, तसा काप. मागच्या महिन्यात एका रविवारी भावांनी पहिला घड उतरवून त्याच्यापुढे ठेवला. आम्ही दोघंच होतो झाडाखाली. त्याने एक उचलला, उजेडात धरला, आत बी दिसते तसा, आणि खाल्ला.

मी म्हणालो, "लझहर, बस्स कर. शुक्रवारपासून मशीन नाही."

"उद्या आहे की. उद्या धुऊन काढतील."

"किती झाले?"

"तीन."

"समोर दहा बिया पडल्यात."

"झाडावर चढू देत नाहीत, खाऊ देत नाहीत, मग मी तोझरचा कशाला रे? सूसचा झालो असतो." आणि हसला. मीही हसलो. मी हात धरायला हवा होता. नाही धरला, तो इतका खुश होता.

सोमवारी सकाळी नर्सने त्याच्या खुर्चीवर चादर घातली. साडेआठला घडी घालून उचलली. तो पहाटेच गेला होता, खजुरातल्या पोटॅशियमने हृदय थांबलं. मला घरातून निघताना वाटलं होतं की झोपलाय. चौथ्या दिवशी त्याच्या बायकोने मला चहा दिला आणि एवढंच विचारलं, "किती खाल्ले त्याने?"

मी म्हणालो, "तीन."

पुढच्या बुधवारी मी मशीनवर होतो. चौथ्या तासाला डोकं हलकं होतं, एक हात नळ्यांत अडकलेला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोन चालवायचा. मी एकट्या खाला दूजासाठी रेकॉर्ड करत होतो. खजुरांचं सांगायला सुरुवात केली आणि तोंडातून निघाली आई. सगळं बोलून झाल्यावर बघतो तर ते अकराशे माणसांना गेलं होतं. म्हणजे माझ्या बहिणीच्या आधी ते अकराशे जणांना ठाऊक झालं. त्याबद्दल तू रागावशील, आणि तो राग बरोबर असेल.

तर आता लिहितो. सहावा प्रवासी आलाय, पोतंभर मिरच्या घेऊन, आणि ड्रायव्हर त्याच्याशी भांडतोय की पोतं टपावर जाईल. वेळ आहे.

चार वर्षांपूर्वी आई मशीनवर होती आणि हदील तुझ्या पोटात होती, तेव्हा तुला कोणी विचारलं नाही. तुला वाटतं मलाही विचारलं नाही. जनाजाच्या दिवशी तू सगळ्या बायकांना सांगत होतीस, आईने पोराकडे कधी काही मागितलं नाही. आईने तुला तसंच सांगितलं होतं ना? तिने मला विचारलं होतं, मबरूका. शुक्रवारी, कुसकुस खाऊन झाल्यावर, भांडी उचलताना. म्हणाली, "नौफल, डॉक्टर म्हणतात रक्त तपासून बघा. नुसतं बघून येऊ. नाही जुळलं तर नाही." मी म्हणालो हो, सोमवारी जाऊ. रविवारी मी सूसच्या गाडीत बसलो. तिथल्या हॉटेलातून कामाचं बोलावणं आलं असं तुम्हाला सांगितलं. कोणी बोलावलं नव्हतं. चार दिवस तिथल्या तळावर झोपलो, मग एका खानावळीत भांडी घासायला लागलो. आठ महिन्यांनी आई गेली. मधे ती दोनदा फोनवर बोलली. दोन्ही वेळा विचारलं, जेवलास का. त्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही.

आणि जूनमध्ये तू मला न विचारता आपलं रक्त तपासायला देऊन आलीस.

पाच महिने ज्याने विचारलं त्याला मी सांगत होतो, बहिणीच्या पोरी लहान आहेत म्हणून मी निघालो. फेतहीच्या आईने मला दारात अडवून म्हटलंही होतं, "माझ्या नाती आहेत, लक्षात ठेव." ते वाक्य मला फार उपयोगी पडलं. लोक म्हणायचे, केवढं मन आहे पोराचं.

रेकॉर्ड ऐकून खाला दूजाने उत्तर बोलून पाठवलं, तेही सगळ्यांसमोर. म्हणाली, "गाढवा, तू गेला असतास तर काय झालं असतं ते सांगू? त्यांनी तुझं रक्त, लघवी तपासली असती. दाब मोजला असता. आणि म्हणाले असते, बाळा, तू आईला काय देतोस, तुझंच बघ. तुझं दुखणं काल-परवाचं नाही. आईला तुझ्याकडून काही मिळायचं नव्हतं. तुला मात्र दोन-चार वर्षं औषधावर मिळाली असती."

मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी खांदे उडवले. "असेलही. आता कोण सांगणार?"

ग्रुपमध्ये सगळ्यांना वाटलं आता पोराच्या छातीवरचा दगड उतरला. बदामाच्या झाडांचे फोटो आले, दुआ आल्या. माझा दगड उतरला नाही. पळालो तेव्हा मला हे कुठे ठाऊक होतं? मला वाटत होतं माझ्या किडन्या धडधाकट आहेत आणि त्यातली एक आईला लागणार. तसं वाटत असताना पळालो.

सिलियानाच्या एका माणसाचं बोलणं मात्र राहिलं मनात. त्याच्या भावाने त्याला नाही म्हटलंय, सहा वर्षांपूर्वी, तोंडावर. तो सांगत होता, "भाऊ दर हंगामात तेलाचा डबा आणून दाराबाहेर ठेवतो आणि आत न येता जातो. मला तेल नको. त्याने आत यावं. नाही म्हणाला तर म्हणाला, माणूस गेला कुठे?"

मबरूका, मी दमलोय. ते मशीनचं दमणं वेगळं, ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरतं. हे उतरत नाही. दर गावी नवीन नर्स, तिला दाखवायचं की शीर कुठून घे, आणि परत तेच, घर कुठलं, घरी कोण कोण.

परवा सी बशीरचा फोन आला. ग्रुपमध्ये बोलतो तसाच फोनवर बोलतो.

"रविवारी तुझी पाहुण्याची मुदत संपते. लझहरची खुर्ची मी अजून लिहिलेली नाही. सोम-बुध-शुक्र, सकाळ. लिहायच्या आधी तुला विचारतो. घेतोस?"

"त्याच्या बायकोला..."

"ती म्हणते पोरगं राहू दे, घरात आवाज असतो. मंगळवारी सकाळपर्यंत सांग. ज्यांना दर खेपेला शंभर किलोमीटर जावं लागतं अशी चार माणसं रांगेत आहेत."

मी घेणार होतो. तुला खरं तेच सांगतो. दोन दिवस मी त्याच खुर्चीत आयुष्य बसवून बघितलं आणि ते बसत होतं. खोली आहे, भाकरी आहे, मला इथे कोणी ओळखत नाही. लझहरची बायको समोर आली की तेवढं मी खाली बघायचं.

काल मशीनवरून उतरल्यावर घरी गेलो आणि तिला म्हणालो, "दहा. दहा खाल्ले त्याने, आणि मी बघत होतो." ती भाजी निवडत होती. हातातली जुडी संपवली. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं. बिया मीच झाडल्या." आणि म्हणाली, "तू सांगशील का ते बघत होते."

आज सकाळी बशीरला फोन करून म्हणालो, "लिहा खुर्ची. उद्याचं मशीन झालं की मी निघतो."

तो म्हणाला, "आणि शुक्रवारी तू कुठे?"

"घरी."

"झर्झीसची तुझी जागा केव्हाच दिली गेली, विसरलास? थांब." दहा मिनिटांनी परत फोन. मेदेनीनचा एक शाळामास्तर आपली शुक्रवार दुपार मला देतोय, स्वतः शनिवारी बसतोय. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. तेवढ्या एका आठवड्याची सोय झाली. पुढचं पुढे.

उद्या इथलं मशीन आटोपून निघतो, गुरुवारी दुपारपर्यंत तुझ्या दारात. हे पत्र माझ्या आधी पोचावं म्हणूनच देतोय, म्हणजे वाचून दार उघडायचं की नाही ते तुला ठरवता येईल. आईने माझ्याकडे मागितलं आणि मी हो म्हणून पळालो. तू न मागता दिलंस आणि मी पुन्हा पळालो. मी तुझ्याकडे अजून काहीच मागितलेलं नाही. दार उघडलंस तर मी बसेन आणि मागेन. फेतहीलाही समोर बसव, त्याची आई असली तरी चालेल. पोरींचा विचार कर, आपल्या आईचा विचार कर, आणि मग सांग. आज सांगितलंच पाहिजे असंही नाही.

नाही म्हणालीस तरी शुक्रवारी मशीनवरून उतरून मी मेदेनीनहून झर्झीसलाच येणार आहे. जेवायला थांबू नकोस, उशीर होईल.

आईने जे तुझ्यापासून लपवलं ते आपल्या हाताने लिहून देणारा,
तुझा भाऊ
नौफल