बाईसाहेबांच्या रक्ताचा रिपोर्ट

बाबा,

फोन उचलत नाही आहात, म्हणून चिठ्ठी. शिंगरांच्या गळ्याला गाठी आल्या म्हणून सगळ्या घोड्यांचं रक्त तपासलं होतं ना, त्याचा रिपोर्ट आलाय. काकांचा घोडा दुसऱ्यांदाही स्वच्छ निघाला. हा जंतू त्याच्या वाऱ्यालाही उभा राहिलेला नाही.

खूण सापडली ती आपल्या घोडीच्या, बाईसाहेबांच्या रक्तात. तिला साधी शिंकही नाही, हे मला ऐकवू नका. धडधाकट दिसणारी घोडीसुद्धा हा रोग गुपचूप बाळगून असते. जंतू अजून आहे का, ते डॉक्टरीणबाई घशात दुर्बीण घालून बघणार आहेत, म्हणून तिला घेऊन दवाखान्यात जातेय. औषधाने बरं होतं, तेव्हा डोक्यात राख घालून घेऊ नका. तिची बादली शिंगरांना देऊ नका. भाजी ओट्यावर झाकून ठेवलीय.

काकांना मी काही कळवलेलं नाही. भर अंगणात त्यांच्या घोड्याला रोगट तुम्ही म्हणालात आणि ते मुकाट्याने त्याला घेऊन गेले. आता सांगायचं तेही तुम्हीच सांगा.

जाताना कपडे आणि बूट मात्र बदलून जा. त्यांच्याकडे रोग गेलाच, तर तो आपल्याकडूनच जाईल.