भिंतीपलीकडची चौकशी

१९ डिसेंबर २०१०, रविवार

गेटसमोरच्या भिंतीला आणखी एक प्लास्टिक बांधलंय. आता तीन झोपड्या झाल्या — झोपड्या कसल्या, चार काठ्या आणि एक फ्लेक्स. सकाळी दूध आणायला उतरले तर धुक्यात हाताला हात दिसेना. एक बाई ओली लाकडं पेटवायच्या खटपटीत. रामदुलारी नाव. नवरा भगेलू. इकडच्याच गोंडा जिल्ह्यातले. घर कुठे गेलं विचारलं तर म्हणाली, "नदी ले गई." छत्री कुणी नेली म्हणावं तसं म्हणाली. 

काय हवं विचारलं. "गरम पानी मिल जाता, दीदी. इनका गठिया है." म्हणजे नवऱ्याला संधिवात.

भगेलूला सांगितलं, रोज सहाला मागच्या जिन्याशी, पंपघराजवळ बादली घेऊन ये. मी गिझरचं पाणी खाली आणीन.

नरहरना सांगितलं. (वहीत तरी नावाने लिहिते. घरात 'अहो'च.) पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "भटाला दिली ओसरी..." पुढचं बोलले नाहीत. पुढचं मला पाठ आहेच.

२० डिसेंबर

बादली दिली. भगेलूने आधी दोन्ही हात पाण्यात बुडवले आणि डोळे मिटले. मला एकदम रडू आलं. वर येऊन उगाच भांडी घासली.

२१ डिसेंबर

आज गार्ड सियारामला नीट समजावलं. मी काही दिवसभर खाली नसते, तो असतो. म्हटलं, "आते-जाते इन लोगों की चौकशी करते जाना. कुछ कम-ज़्यादा हुआ तो मुझे फ़ौरन बताना."

तो जरा बघत राहिला. मग टाचा जुळवून म्हणाला, "जी मैडम. एकदम."

माझ्या हिंदीवर भाजीवाला हसतो, हा हसला नाही. बरं वाटलं. नरहर बदलीच्या नोकरीत झाशी, गोरखपूर करत पंधरा वर्षं इकडे एकटे राहिले, त्यांची हिंदी इथल्यांसारखी. मी तेव्हा सांगलीत, सासूबाईंपाशी. इथे येऊन मला सहाच महिने झाले. पण मनापासून बोललं की कळतं माणसाला.

२४ डिसेंबर

सियाराम भलताच मनावर घेतोय. एक वही केलीय. कोण आलं, किती वाजता, हातात काय. मी म्हटलं अरे इतकं कशाला! "आप निश्चिंत रहिए, मैडम." असा माणूस लाखात एक.

२७ डिसेंबर

कोहरा. पाच दिवस सूर्य नाही. जवळच्या तेलीबागच्या चौकात अलाव, म्हणजे शेकोटी, पेटवलाय, पण भिंतीपाशची मंडळी तिकडे जात नाहीत. का, तर "यहीं ठीक हैं." सियाराम केबिनच्या खिडकीत उभा होता. आम्ही बोलत होतो तोवर हललाच नाही.

३० डिसेंबर

रामदुलारीला तिळाचे लाडू दिले. तिने हळूच विचारलं, "दीदी, ऊ गारद कापी में हमार नाम काहे लिखता है?"

मी हसले. म्हटलं, "मैंने ही बोला है उसको, आपकी चौकशी करने को. आपके लिए ही है. घबराना नहीं."

ती एक पाऊल मागे सरली. लाडू तसाच पदरात. मग म्हणाली, "हम कुछ नहीं किए हैं, दीदी."

काय मनात घेतलं कोण जाणे. फार सोसलं की माणूस चांगल्यालाही भितो.

२ जानेवारी २०११, रविवार

भगेलू आता वेगळाच वागतो. बादली घेतो, पण नजर वर करत नाही. आज तर बादली आणलीच नव्हती. आधी केबिनच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "भगेलू. हाज़िर." सियारामने वहीत लिहिलं. मला वाटलं दोघांची काही थट्टा चालू आहे. पण हसलं कुणीच नाही.

जेवताना नरहरना सांगितलं. ते म्हणाले, "शिस्त लागते आहे, चांगलं आहे." आणि आमटी मागितली.

५ जानेवारी

दोन प्लास्टिकं रिकामी. माणसं कुठे गेली विचारलं तर रामदुलारी चूल फुंकत राहिली. तुम्हीही जाणार का? "अब कहाँ जाएँ, दीदी. नाम तो लिखा गया."

 

८ जानेवारी

पंपघरातली मोटर चोरीला गेली. नळाला पाणी नाही. जिन्यात सगळे एकदम बोलताहेत. मी वर आले आणि दार लावून घेतलं.

९ जानेवारी, रविवार

भगेलूला नेलं.

मी गॅलरीत होते. जीप आली, दोन शिपाई उतरले, सियारामने वही पुढे केली. पानं उलटून दाखवत होता — अभ्यास दाखवावा तशी! चप्पल न घालता खाली पळाले. जीप वळली होती. रामदुलारी तिच्यामागे पळत गेली, बाकी कुणी नाही.

सियारामवर ओरडले. तो गोंधळला. "मैडम, आप ही तो बोली थीं. चौकसी रखना. कम-ज़्यादा हो तो बताना."

चौकशी, म्हटलं मी. चौकशी!

"वही तो. चौकसी."

तिथेच पायरीवर बसले. त्याने मला समजावलं, चौकसी म्हणजे नजर. पहारा. चोरावर ठेवतात तो. मी त्याला म्हटलं, आमच्यात म्हणजे विचारपूस, कसं आहे, बरं आहे का. तो म्हणाला, "अच्छा?" आणि त्याचंही तोंड उतरलं. त्याला तरी काय बोल लावू.

आणि तिला मी काय सांगून बसले होते? मीच बसवलाय हा पहारा. तुमच्यासाठीच आहे. घाबरू नका.

१० जानेवारी

ठाण्यात गेले. नरहरना म्हटलं चला, तर म्हणाले, "तू उगाच चिखलात पाय घालू नकोस." रिक्षाने एकटी गेले.

रामदुलारी फाटकाबाहेर जमिनीवर बसलेली. मला पाहून तिने तोंड फिरवलं.

दरोगासमोर सियारामची वही. त्याने मोठ्याने वाचलं, "भगेलू, छह बजकर पाँच, पंपघर के पास, बाल्टी. भगेलू, छह बजकर दस, पंपघर के पास, बाल्टी." अशा अठरा ओळी. म्हटलं, मीच बोलवत होते, गरम पाण्याला. तो म्हणाला, "बुलाती भी थीं और चौकसी भी बैठा रखी थी?" शब्दाचा घोळ सांगितला. दोनदा. तो हसला, शिपायाला हाक मारून म्हणाला, "सुनो, मैडम क्या कह रही हैं." मग तोही हसला.

आतून कण्हल्याचा आवाज येत होता. हसणं थांबलं तेव्हा नीट ऐकू आला.

लेखी द्या म्हणाला. लिहून दिलं. प्रत्येक शब्दापाशी हात थांबत होता, याचा इथे काय अर्थ असेल?

१२ जानेवारी

सोडलं. मोटर तीन गल्ल्या पलीकडच्या भंगारवाल्याकडे मिळाली, विकणारा कुणी प्लंबर निघाला. भगेलूच्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. गरम पाणी घेऊन गेले. त्याने बादलीकडे पाहिलं आणि अंग चोरून घेतलं. पाणी तसंच परत आणलं, मोरीत ओतलं.

१३ जानेवारी

भिंतीपाशी कुणी नाही. तीन विटा आणि राख. सोसायटीच्या कमिटीने लगेच तिथे काटेरी तार मागवली आहे.

१४ जानेवारी

सियारामची माफी मागायला गेले. म्हटलं, चूक माझी, तू बरोबरच ऐकलंस. तो खाली मान घालून म्हणाला, "हमको भी उस दिन अजीब लगा था, मैडम. आप तो उन्हें गरम पानी देती थीं. इसलिए शाम को आपके साहब से पूछ लिए थे, मैडम का मतलब चौकसी ही है न? साहब बोले, हाँ, वही. जो सुने हो, वही करो."

एकतीस वर्षांत त्यांना माझा एकही शब्द चुकीचा कळलेला नाही.