नेवेंका येईपर्यंत तलाव निळा

६ मे
नेवेंका पुला शहरातल्या इस्पितळात. नुसत्या तपासण्या, दुसरं काही नाही. पंधरा दिवसांत घरी येईल. तोवर अंगणातला पोहायचा तलाव चकाचक करायचा. रोज सकाळी बायकोला भेटायचं, दुपारी तलाव. ठरलं.

८ मे
तलाव साफ करणारा रोबो निवडणं म्हणजे पोरखेळ नव्हे. वायरवाल्याची वायर गुंतते. बिनवायरचाच हवा. कुठला भिंती चढतो, कुठला नुसता तळ पुसतो, सगळं वहीत उतरवलं. त्यात इस्पितळ राहिलं. लेक तिहाना जाऊन आली.

१३ मे, दुपार
भिंती चढणारा आणला. शेजारचा बेपो म्हणाला, पाणी शेवाळाने हिरवं झालंय, आधी औषध टाक, मग यंत्र सोड. जन्मभर मासे धरले त्याने. बॅटरीतलं त्याला काय कळणार!

१३ मे, संध्याकाळ
अडीच तास चालतो म्हणे. चाळीस मिनिटांत तळाशी गप्प. बेपोच्या गळाने वर ओढला. गाळणीत नुसता हिरवा लगदा.

१९ मे
गाळणी दर वेळी धुवायची. चार्जिंगचं बूच कोरडं करून घट्ट बसवायचं. उद्यापासून नक्की.
तिहानाचा फोन. डॉक्टरांना आम्हा दोघांशी एकदम बोलायचंय, शुक्रवारी. म्हटलं, रोबोचं आटोपलं की येतो. फोन मध्येच कट झाला. नेटवर्क खराब असावं.

२२ मे, शुक्रवार
बुचातून पाणी शिरलं. रोबो बंद. दुकानदार म्हणतो, बूच सैल ठेवलंत, वॉरंटीत बसत नाही. तासभर हुज्जत घातली. तिहाना डॉक्टरांना एकटीच भेटली.

२३ मे
तिहानाने सांगितलं. इथे लिहीत नाही. डॉक्टरांचेही अंदाज चुकतात.

२८ मे
बेपोने न विचारता औषध टाकलं, तीन दिवस हाताने ब्रश मारला. पाणी निळंशार. म्हणजे एकंदरीत माझं नियोजन बरोबरच होतं.

२ जून
नेवेंकाला घरी आणलं. इस्पितळात आता करण्यासारखं काही उरलं नाही. तलाव दिसावा म्हणून पलंग मुद्दाम खिडकीशी लावला होता. तिने बाहेर पाहिलं.
"पडदा ओढ, लिवियो," ती म्हणाली. "पाण्याची तिरीप डोळ्यांत जाते. आणि इथे बस जरा."
पडदा ओढला. खुर्ची घेतली. तिनेच विचारलं, जेवलास का.