पाग्वमेचा सहावा दिवस

अदीस अबाबा,
नेहासे २०, १९९५

चि. अस्कलेस अनेक आशीर्वाद,

पत्र मिळालं. आईनं अंथरूण धरलंय, तरी तुझ्या कॉफीला नावं ठेवतेय, हे वाचून बरं वाटलं. जीभ तरी शाबूत आहे. माझ्या लग्नावरून तिनं मला घराबाहेर काढलं त्याला तीन वर्षं झाली. आता तीच बोलावतेय म्हणतेस, तर सांग तिला, नववर्षाच्या दिवशी पहिल्या बसनं येतो. बायकोलाही आणतो. मग बघू, कोण कुणाला हाकलतं. तूही वेळेवर जेवत जा.

तुझा दादा,
येरदाव

देब्रे सीना,
मेस्केरेम ११, १९९६

ती. दादास सा. न.,

तू इथे होतास तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून लिहिते. आई माझ्यामुळे गेली.

तुझं पत्र आल्यापासून ती रोज विचारायची, किती दिवस उरले. पाग्वमे लागला तसे मी बोटांवर पाच दिवस मोजले. त्या इवल्याशा तेराव्या महिन्याला चार वर्षांतून एकदा सहावा दिवस येतो, आणि या वेळी तो होता, हे जागरणांच्या भरात साफ विसरले. पाचव्या संध्याकाळी तिला म्हटलं, उद्या नववर्ष, उद्या दादा येणार.

सहाव्या दिवशी उजाडल्यापासून मोजायच्या आपल्या घड्याळात एक वाजला, तेव्हापासून ती पांढरी शाल घेऊन दारात बसली. सुनेसाठी म्हणून कॉफीचे दाणे स्वतः निवडले. बस आली, गेली. नववर्षाला पिवळी फुलं घेऊन गाणाऱ्या मुलीही फिरकेनात, तेव्हा मी पुन्हा पुन्हा रस्त्यावर जाऊन बघून आले. दुपारी चर्चमधली प्रार्थना आटपून अबा कीदान आले आणि म्हणाले, अगं वेडे, नववर्ष उद्या. मी आईच्या पाया पडून सांगितलं. ती म्हणाली, पोरी, तुला खोटं बोलता येत नाही, कशाला त्रास घेतेस, त्याला यायचंच नव्हतं. मग भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. दिवस मावळायच्या आत गेली.

आणि दुसऱ्या दिवशी तू शब्द पाळून, सांगितल्या बसनं उतरलास. एका दिवसानं घात केला, दादा. मला माफ करू नकोस, पण बोलणं टाकू नकोस.

तुझी अभागी,
अस्कले

अदीस अबाबा,
मेस्केरेम १९, १९९६

चि. अस्कलेस आशीर्वाद,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. मी एकटाच उतरलो, हे रडण्याच्या भरात तुझ्या लक्षात आलं नसावं. मी तिकीट काढलंच नव्हतं. पाग्वमेच्या पहिल्याच दिवशी बायकोला म्हणालो होतो, तीन वर्षं आपण झुरलो, आता जरा म्हातारीलाही वाट बघू दे, सण झाल्यावर केव्हातरी जाऊ. सहाव्या संध्याकाळी आई गेल्याचा अबा कीदानांचा फोन आला, म्हणून ती बस धरली.

तू दिवस नीट मोजले असतेस, तरी मी आलो नसतो. आई बरोबर बोलली.

आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला मी यावं की नाही, ते तू ठरव. लोभ मागायला मला तोंड उरलेलं नाही.

येरदाव