उजवीकडे कललेली होडी

ती. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (होडीत वाकून वाकून गुडघे आखडलेत, तेव्हा आठांपैकी दोन अंगं तूर्त वजा धरावीत). तुझी कंबर काय म्हणते? वहिनी जिने चढू देते का? इकडे आम्ही ठीक आहोत. होडी तेवढी वाकडी आहे, तिचीच ही हकीकत.

मागच्या फोनवर तू म्हणालास, अप्पा गेल्यापासून होडी नुसती पडून आहे, विकून टाक. थोरल्याचा शब्द मी कधी मोडत नाही (लांबवतो फक्त). म्हटलं, विकायचीच तर नटवून विकू. बाजारचं सामान आपल्या होडीला बसत नाही, कारण अप्पांनी ती अंदाजपंचे बांधलेली. मग सगळं घरीच केलं. शिडाची दोरी अडकवायला खुंट्या हव्या होत्या. कपाटाच्या ड्रॉवरच्या पितळी मुठी काढून स्क्रूने पिळल्या. झकास बसल्या! ड्रॉवर मात्र आता उघडत नाहीत, आणि आत हिचा चष्मा राहिल्यामुळे हिला मी नीट दिसत नाही (एका परीने बरंच आहे). इस्त्रीच्या टेबलाचे पाय लावून घडीचं टेबल केलं. सुकाणूचा दांडा आखूड पडायचा, अप्पा सारखे वाकायचे, आठवतं? त्याला त्यांच्याच छत्रीची मूठ जोडली. हातात धरली आणि गलबलून आलं रे. अंगठ्याच्या जागी ती अजून तशीच झिजलेली आहे.

कळस म्हणजे चहाचा झुलता कप-होल्डर! डब्याचं झाकण आणि तांब्याची तार, बस्स. होडी कशीही हलो, चहा सरळ. पाण्यात उतरवली तेव्हा चहा खरोखरच सरळ राहिला. बाकी सगळं, माझ्यासकट, उजवीकडे कललं. धक्क्यावरची मंडळी पोट धरून हसली. हिने चष्म्याशिवाय रोग ओळखला : "अहो, सगळं एकाच बाजूला ठोकलंय तुम्ही!"

बघतो तर खरंच. खुंट्या, टेबल, हत्यारांची पेटी, सगळं उजवीकडे. डावीकडे एक खिळा नाही. असणार कसा? मागे अप्पा, उजवीकडे मी, डावीकडे तू. एकदा मी तुझ्या जागी बसलो, तर अप्पांनी मला उठवलं होतं, "तिथे दादा बसतो" म्हणून, आणि तू शाळेतून येईपर्यंत आम्ही दोघं धक्क्याला बांधलेल्या होडीतच बसून राहिलो. आता हातात ड्रिल होतं, पण त्या फळीला भोक पाडायला हात धजला नाही. दादा, तुझी फार आठवण येते.

ही म्हणते, डावीकडे वाळूचं पोतं ठेवा. पण पोतं माझ्या चुका काढत नाही. त्याच्याबरोबर फिरण्यात काय मजा?

वहिनीला नमस्कार.

तुझाच,
उजव्या बाजूचा

ता. क. : एक गिऱ्हाईक आलं होतं. होडी आवडली त्याला. डावी बाजू विकायची नाही म्हणालो, तर रागावून गेलं.

आणखी ता. क. : तुझं हल्लीचं वजन लगेच कळव, खिशातल्या किल्ल्यांसकट. कमरेला टेकायची उशी शिवायला टाकली आहे.

शेवटचा ता. क. : हिचं आता नवीनच. म्हणे, चार स्क्रू काढून टेबल डावीकडे लावलं की होडी सरळ. भाऊजींना कशाला त्रास? मी स्क्रू-ड्रायव्हर ड्रॉवरच्या फटीतून आत लोटलाय. तो काढायचा तर मुठी हव्यात, आणि मुठी सोडवायला स्क्रू-ड्रायव्हर. तेव्हा तूच ये.