सीमेवर थांबलेली नाव

१२ ऑक्टोबर, म्चिंजी, मलावीच्या बाजूचा नाका
सोमवारी सकाळी नाव सरोवरातून ओढून काढली, माझ्या सदऱ्याने आतून पुसली, ट्रेलरवर बांधली, प्रार्थना म्हटली. बावीस वर्षांत ती इतकी कोरडी कधीच नव्हती. गाडी मेहुणा वेडसन चालवतोय. दोन टायर गेले, तरी आज पोचलो. उद्या झांबिया, रविवारी तिथल्या सियावोंगाच्या सरोवराचं पाणी. आपल्या सरोवरात मासा उरला नाही. तिकडे चुलतभावाने मासेमारीच्या परवान्यात माझी जागा धरली आहे, एकतीस तारखेपर्यंत. नाव तरंगली असं कळवलं, की न्यामोने, माझी बायको, घर पुतण्याला देऊन मुलींसह बस धरणार. संसार एका दमात हलेल.

१३ ऑक्टोबर
अधिकाऱ्याने लाकूड देशाबाहेर न्यायचा परवाना मागितला. मी पाद्रीबाबांनी दिलेलं चांगल्या वर्तणुकीचं पत्र काढलं. त्याने दोनदा वाचलं. म्हणाला, "काका, हे तुमचं झालं. नावेचं कुठाय?" अर्ज राजधानीत, लिलाँग्वेला गेला. दोन दिवसांचं काम. न्यामोनेला फोन केला, पार झालो म्हणून. खोटं नव्हे. दोन दिवस आधी सांगितलेलं खरं.

१७ ऑक्टोबर
ऊन भाजतंय. फळ्यांमधला डांबर लावलेला कापूस सुटून लोंबतोय. वेडसन म्हणतो, "दाजी, नाव हसायला लागलीय. दात दिसतायत." त्याला काय कळतं. पाण्यात गेली की फळी फुगते, फटी मिटतात. तरी ठरवलं, रोज ओली पोती.

१८ ऑक्टोबर
हापशावर बायकांची रांग. वीस बादल्या मागितल्या. एक म्हणाली, "काका, पाणी घालून नाव वाढते होय?" दुसरी म्हणाली, "वाढली तर आम्हाला एक रोप द्या." चार बादल्या मिळाल्या. उद्यापासून पोत्यांऐवजी प्रार्थना वाढवायची.

२१ ऑक्टोबर
न्यामोनेने विचारलं, तरंगली का. छान तरंगते म्हटलं. ती बराच वेळ हसत होती. एवढ्या वर्षांत तिला असं हसताना फारसं ऐकलं नव्हतं.

२२ ऑक्टोबर, रविवार
इथल्या चर्चमध्ये धीरावर प्रवचन. माझ्यासाठीच होतं.

२५ ऑक्टोबर
वेडसन म्हणाला, "ताईला खरं सांगा, नाहीतर मी सांगतो." म्हटलं, तिला उगाच घोर कशाला, परवाना आला की सगळं आपोआप खरं होईल. तो गाडीत जाऊन बसला. जेवायला आला नाही.

२७ ऑक्टोबर
बायका आपण होऊन भरलेल्या बादल्या घेऊन आल्या. ओतलं तेवढं खालून गेलं. बुडाची फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली आहे. बोटं आरपार जातात. आज कोणी थट्टा केली नाही.

२८ ऑक्टोबर
परवाना आला. अधिकारी बाहेर येऊन नावेकडे बघत राहिला. "हीच का?" हीच म्हटलं. न्यामोनेला आजच सांगायचं ठरवलं. पण शनिवारी ती चर्च झाडायला जाते. उद्या रविवार. परवा नक्की.

३० ऑक्टोबर, सकाळी सात
फोन केला. सगळं सांगितलं, सदऱ्याने पुसल्यापासून. तिच्या मागे बसचा आवाज. मग ती म्हणाली, "पुतण्याच्या बायकोने परवाच आपल्या घरात चूल मांडली. आम्ही लिलाँग्वेच्या जवळ आलोय. मुलींना काय सांगायचं ते तुम्हीच सांगा." फोन मोठीकडे दिला.
मी तिलाही सगळं खरं सांगितलं.